एसीचा रिमोट ‘प्रोग्राम’ करून देतो म्हणणाऱ्याने मला कसं फसवलं

बाबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि एसी असे तीन रिमोट डाव्या हाताने सांभाळणं त्यांना जमेना, म्हणून मी मोठ्या बटणांचा प्रोग्रामेबल रिमोट घेतला. बॅटरीच्या खाचेत सहा पिना असलेला, म्हणजे केबल लावून आतली मेमरी वाचता-लिहिता येते असा. टीव्ही आणि बॉक्स लगेच चालले. एसी काही ऐकेना.

त्याला कारण आहे. टीव्हीच्या रिमोटचं एक बटण म्हणजे एक ठरलेला कोड. एनईसी या रिमोट सिग्नलच्या प्रचलित पद्धतीत तो 32 बिटांचा असतो. एसीचा रिमोट मात्र दर वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग असं सगळंच एका लांब संदेशात पाठवतो आणि बहुधा शेवटी चेकसम, म्हणजे संदेश बरोबर पोचला का हे तपासायचा आकडा, जोडतो. त्यासाठी रिमोटमध्ये वेगळा प्रोटोकॉल कोड, म्हणजे असा संदेश तयार करणारा छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो, तोही असेंब्लीत, म्हणजे चिपच्या पातळीवरच्या भाषेत. मला ते येत नाही.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात ‘कोड लिहून देतो’ म्हणाले. 3500 रुपये, सगळे आधी. मी यूपीआयने भरले, बिल मागितलं नाही. चार दिवसांनी माणूस वर्तकनगरला घरी आला. त्याने बटण दाबलं, एसी 24 वर सुरू झाला. ‘+’ दाबलं, 25 झाले. ‘झालं बघा, काका,’ म्हणाला आणि गेला. बाबा किती खूश झाले होते!

त्याच रात्री त्यांना थंडी वाजली. 28 करायला ते ‘+’ दाबत राहिले. एसी दर वेळी ‘बीप’ करायचा, आकडा 25 वरच. मला उठवायला नको म्हणून ते पहाटेपर्यंत तसेच कुडकुडत पडून होते. हे आठवलं की अजून राग येतो.

मग मी टीएसओपी 1738 हा रिमोटचे इन्फ्रारेड सिग्नल पकडणारा रिसीव्हर आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला जोडून सिग्नल वाचले. ‘+’ तीनदा दाबलं, तिन्ही ओळी बिटागणिक सारख्या, चेकसमसुद्धा तोच. खरा कोड असता तर रिमोटने चालू तापमान लक्षात ठेवून त्यात एक मिळवला असता आणि चेकसम नव्याने काढला असता. इथे कोड लिहिलाच नव्हता. आमच्या मूळ रिमोटचे 23, 24 आणि 25 चे सिग्नल ‘लर्निंग’ने, म्हणजे दुसऱ्या रिमोटचा सिग्नल जसाच्या तसा नोंदवायच्या सोयीने, उचलून तीन बटणांवर चिकटवले होते. बीप होतं म्हणून संशय येत नाही. संदेश बरोबरच असतो, फक्त तोच तोच.

जाब विचारला तर म्हणाला, ‘मेमरी चिप खराब आहे, 1800 लागतील.’ मी तेही दिले. रिमोट परत आला तेव्हा टीव्हीचं सेटिंगही पुसलेलं होतं. मूळ मेमरीचा बॅकअप मी घेतला नव्हता, ती माझी मोठी चूक. आता तो फोन उचलत नाही. एकूण 5300 रुपये गेले. यूपीआयच्या नोंदी जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

रिमोट कुणाच्याही हाती देण्याआधी मेमरीचा बॅकअप घ्या, कामानंतर असेंब्लीची फाइल मागून घ्या आणि अर्धे पैसे हातात ठेवा. ज्यांनी असं काम आधीच करून घेतलंय, त्यांनी आज घरी ‘+’ सलग चारदा दाबून एसीवरचा आकडा बघावा.