झूकीपर: लायनफिश भरायचा नळा, घ्यावा की नाही?

फ्लोरिडात लायनफिश हा उपरा मासा, म्हणून तो पोल स्पिअरने (रबराच्या ताणाने मारायच्या हातातल्या भाल्याने) मारायला परवाना लागत नाही, संख्येचीही मर्यादा नाही. हा मासा जवळ गेलं तरी पळत नाही, त्यामुळे नेम चुकायचं कारण नाही. घोळ पुढे होतो. पाठीवर 13, पोटाखाली 2 आणि गुदपराला (शेपटीआधीच्या खालच्या पराला) 3, असे 18 विषारी काटे असलेला मासा ठेवायचा कुठे? जाळीच्या पिशवीतून काटे थेट मांडीत घुसतात.

झूकीपर म्हणजे पीव्हीसीचा जाड नळा, तोंडाशी नरसाळं आणि त्याला लवचिक पाकळ्या. मासा भाल्यासकट आत ढकलायचा आणि भाला मागे ओढायचा. पाकळ्या माशाला अडवतात, भाला मोकळा सुटतो. हात कुठेच लावावा लागत नाही, आणि खरे पैसे याचेच आहेत.

मात्र भाला योग्य हवा. टोकांना उलटे काटे असतील तर मासा सुटत नाही, उलट पाकळ्याच ओढल्या जातात. आखूड दांडा आणि बिनकाट्याची तीन-चार टोकं उत्तम. लांब दांडा नळ्यात घालताना हात पुरत नाही. मासा डोक्याकडून आत घाला, म्हणजे काटे मागे दुमडतात. शेपटीकडून घातला तर नरसाळ्यातच अडकतो.

पाण्यात उतरल्यावर नळा आधी तिरका धरून आतली हवा काढा, नाहीतर तो वर ओढत राहतो. मोठ्या मापाचा नळा घ्यायचा मोह आवरा, प्रवाहात तो नांगरासारखा ओढतो. पाकळ्या हाच कमकुवत भाग: उन्हात कडक होतात, मग चिरतात. दर वेळी गोड्या पाण्याने धुवून सावलीत ठेवा.

वर्षातून दोनदा डाइव्ह करणाऱ्यांनी विकत घेऊ नये. पीव्हीसी पाइपचा घरगुती नळाही चालतो, फक्त पाणी निघायची भोकं इतकी बारीक पाडा की काटा बाहेर येणार नाही. आणि हौसेने मालवणला नेऊ नका. हिंदी महासागरात लायनफिश घरचाच आहे, उपरा अटलांटिकमध्ये.

रिकामा करताना झाकण उघडून सरळ बर्फाच्या पेटीत ओता. मेलेल्या माशाचे काटेही टोचतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, 30 ते 90 मिनिटं जखम बुडवा आणि डॉक्टरांना दाखवा. बोटीवर गरम पाण्याचा थर्मास हवाच, तो या नळ्यासोबत मिळत नाही.