गुणाकाराचे चिन्ह कोणाला द्यावे: मॅटलॅब आणि नमपाय

मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांतील सोयाबीन, कापूस आणि तूर यांच्या उत्पादनाची ८ × ३ मॅट्रिक्स (ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांची चौकट) ३ बाजारभावांच्या स्तंभाने गुणायची असेल, तर मॅटलॅब या गणिती संगणकभाषेत साधे * चिन्ह प्रत्येक जिल्ह्याच्या पिकांचे एकूण मोल काढून देते. घटकशः, म्हणजे एकाच जागेवरच्या संख्यांच्या, गुणाकारासाठी मात्र चिन्हाआधी टिंब द्यावे लागते. ही रीत वहीतल्या बीजगणिताशी जुळते, आणि लातूर-नांदेडच्या अभियांत्रिकी वर्गात ती चटकन समजते.

नमपाय या पायथॉन भाषेच्या गणिती लायब्ररीत * घटकशः चालतो, तर मॅट्रिक्स-गुणाकारासाठी २०१५ साली पायथॉन ३.५ मध्ये @ हे स्वतंत्र चिन्ह आले. त्यापूर्वी हा गुणाकार फंक्शनने करावा लागे, आणि लांब सूत्र लिहिताना फंक्शनचे कंस एकमेकांत गुंतत जात.

खरा धोका चौरस मॅट्रिक्समध्ये आहे. पहिल्या ओळीत १, २ आणि दुसरीत ३, ४ असलेली मॅट्रिक्स स्वतःशी गुणल्यास ७, १०, १५, २२ मिळतात, घटकशः गुणल्यास १, ४, ९, १६. आकार सारखाच असल्याने दोन्हींकडे चुकीचे चिन्ह त्रुटीचा संदेश न देता निभावून जाते. तरीही एक टिंब नजरेतून सुटणे जितके सोपे, तितके @ सुटणे नाही, म्हणून मला नमपायची विभागणी अधिक सुरक्षित वाटते.