खाऱ्या वाऱ्यात दोन माणसांचा तंबू: काही महिन्यांच्या वापरानंतर

आत जाळीचा इनर म्हणजे झोपायचा आतला तंबू, त्यावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनची फ्लाय म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं आवरण, आणि अॅल्युमिनियमचे पोल. वेष्टनावर सगळ्यात ठळक काय, तर ३००० मिमी. म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचं पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही. खडकाळ किनाऱ्यावरच्या वाटांवर, तेही बहुतेक वेळा बिघडलेल्या हवेत वापरल्यावर माझं मत असं की तंबू निवडताना हा आकडा शेवटी बघावा. कापडातून पाऊस एकदाही आत आला नाही. पिडलं ते वाऱ्याने, वाळूने आणि मिठाने.

आधी वारा. वेग दुप्पट झाला की तंबूवरचा जोर चौपट होतो, त्यामुळे संध्याकाळी सुखद वाटणारी झुळूक मध्यरात्री पोल वाकवायला लागते. या तंबूची पायाकडची बाजू बुटकी आहे. ती वाऱ्याकडे केली आणि सगळ्या ताणदोऱ्या बांधल्या, की तो बऱ्यापैकी टिकतो. कड्याच्या माथ्यावर मात्र कुठलाच तंबू लावू नये. थोडं आत, झुडपांच्या आडोशाला जागा शोधावी. शिवाय नायलॉन भिजलं की सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखी ताणलेली फ्लाय रात्री लोंबून इनरला टेकते आणि टेकली की ओल आत उतरते. झोपण्यापूर्वी एक फेरी मारून दोऱ्या पुन्हा ताणायच्या, त्याला इलाज नाही. पॉलिएस्टरला हा त्रास बराच कमी.

‘तंबू गळतो’ अशी तक्रार बरेच जण करतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा ते आपल्याच श्वासाचं पाणी असतं. समुद्रकाठची हवा आधीच दमट, त्यात पावसाच्या भीतीने सगळं बंद केलं की पहाटे फ्लायच्या आतून थेंब ओघळतात. वरची खिडकी आणि दाराचा वरचा भाग वितभर उघडा ठेवला की फरक पडतो. शिवणींचं मात्र खरं आहे. सिलिकॉनवर पट्टी चिकटत नाही, म्हणून शिवणींना सिलिकॉनचंच सीलर स्वतः लावावं लागतं.

सोबत आलेल्या बारीक मेखा पुळणीत निव्वळ निरुपयोगी. दोरीला झटका बसला की सरळ वर येतात. तिथे वाळू भरलेली पिशवी किंवा लाटांनी आणून टाकलेलं लाकूड दोरीला बांधून आडवं, हातभर खोल पुरायचं. ते हलत नाही. पुळणीवर तंबू लावायचाच तर भरतीची रेघ बघून तिच्या बऱ्याच वर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती त्याही पुढे येते, वर जोराचा वारा किनाऱ्याकडे असेल तर आणखी.

सगळ्यात आधी थकली ती चेन. नीट बघितलं तर दातांच्या फटीत साखरेहून बारीक पांढरे कण आणि त्यात अडकलेली वाळू दिसते. प्रत्येक ओढीला ही वाळू चेनच्या सरकपट्टीला आतून घासत राहते, मग पट्टी पुढे जाते आणि मागचे दात उघडेच राहतात. पक्कडीने पट्टीच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्यावर ती पुन्हा धरायला लागली, पण हे तात्पुरतंच. घरी आल्यावर चेन आणि पोलचे सांधे गोड्या पाण्याने धुतो, सांधे उघडून सुकवतो. ज्या सांध्यात मीठ राहून गेलं तिथे पांढरी पावडर धरली आणि पोल एकमेकांत घट्ट बसले.

वजन, जागा, रंग, सगळं ठीक. डोंगरातल्या पावसासाठी तंबू चांगला आहे. किनाऱ्यासाठी आज घ्यायचा झाला तर पॉलिएस्टरची फ्लाय, जाड दातांची चेन आणि वेगळ्या रुंद मेखा घेईन; मग वेष्टनावर १५०० मिमी लिहिलेलं असलं तरी हरकत नाही. तळ मात्र जाडच हवा, गुडघ्याचा भार ओल्या जमिनीवर पडतो तो तिथेच.