जर्मन ऑफिसर डॅगर साफ करून घ्यायचाय? गंगावेशीतल्या शिकलगार मामांकडं द्या

जुन्या जर्मन डॅगरला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खंजिराला, हात लावायची ज्याची लायकी आहे असा माणूस कोल्हापुरातच बसलाय, हे संग्राहक मंडळींना कळावं म्हणून लिहितोय. दुकानाला पाटी नाही. गंगावेशीच्या मागच्या बाजूला तालमीजवळ विचारलं की कुणीही दाखवतं. दारात विळे-कोयत्यांचा ढीग, आत भिंतीला दांडपट्ट्याची पाती टांगलेली. मर्दानी खेळाच्या आखाड्यांची हत्यारं इथंच येतात. चालवणाऱ्यांना सगळे मामाच म्हणतात.

मी दिला तो जर्मन लष्कराचा १९३५ च्या नमुन्याचा ऑफिसर डॅगर. गडहिंग्लजकडच्या एका घरातून रीतसर लिहून घेऊन आलेला. त्या घरातले आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. घाडग्यांना १९४४ च्या जुलैतल्या पराक्रमासाठी, मरणोत्तर, आणि जाधवांना १९४५ च्या एप्रिलमधल्या सेनिओ नदीकाठच्या पराक्रमासाठी. २ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती अमलात आली. शरण आलेल्या अधिकाऱ्यांच्या सामानातून असे डॅगर दोस्त राष्ट्रांच्या अनेक सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेले. आपल्याकडं साताऱ्यापासून बेळगावापर्यंत जुन्या ट्रंकांत अजून काही पडून असतील, अशी माझी खात्री आहे.

आता काम. मी शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवणारा, होतो, त्यामुळं धातूच्या बाबतीत मला गप्पा मारून गुंडाळणं अवघड. मामांनी डॅगर हातात घेतल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग भिंगातून मुठीखालच्या आडव्या पट्टीवरचा गरुड बघितला, पंखांच्या पिसांतून नख फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो मूळचाच हाय. कापी असती तर कोपऱ्यात भोकं दिसली असती." अगदी बरोबर. अस्सल तुकड्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल दोन ठिकाणी सापडते. एक, बारीक नक्षी मऊ पडते आणि खोलगट जागी टाचणीच्या टोकाएवढे ब्लो होल, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांची भोकं, राहतात. दुसरं, ती मूळ वस्तूपेक्षा लहान निघते. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. नऊ सेंटिमीटरच्या तुकड्यात सव्वा मिलिमीटरच्या वर फरक पडतो. व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावला की लगेच कळतं. नवीन संग्राहकांनी पातं बघून भुलू नये, आधी ओतकाम बघावं. पात्यावरची सोलिंगेन या जर्मन गावातल्या कारखान्याची खूण, म्हणजे आइकहॉर्न कंपनीची खार किंवा डब्ल्यूकेसी कंपनीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं, कुणीही मारू शकतो.

मामांनी आधी मालकीचा कागद मागितला, वहीत नोंद केली. हे मला फार आवडलं. या डॅगरचं पातं साधारण दहा इंच असतं, आणि नऊ इंचांपेक्षा लांब धारदार हत्यारं २०१६ च्या शस्त्र नियमांच्या यादीत येतात. आपल्या भागात परवाना लागतो का, हे ज्याचं त्यानं पोलीस ठाण्यात विचारून घ्यावंच.

त्यानंतर मामांनी काय केलं नाही, ते महत्त्वाचं. बफिंग केलं नाही. या पात्यांवर बहुतेक निकेलचा मुलामा असतो; बफचं चाक लागलं की तो जातो आणि खाली राखाडी पोलाद उघडं पडतं. माझ्या एका मित्राचा डॅगर दुसऱ्या एका पॉलिशवाल्यानं असाच चकचकीत करून दिला. कारखान्याची खूण निम्मी पुसली गेली, ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारी गेली. मामा म्हणाले, "चकाकी पायजे आसंल तर नवा घ्या दादा, ह्याला मी चाक लावणार न्हाई."

मुठीच्या टोकाची ओकच्या पानांची गुंडी आट्यांवर बसलेली असते. ती त्यांनी पक्कड न लावता, जुन्या चामड्याची पट्टी गुंडाळून हातानं फिरवली. मूठ, आडवी पट्टी सुटी झाली. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, पिवळसर नारिंगी. अशा मुठी पांढऱ्यापासून गडद नारिंगीपर्यंत सगळ्या छटांत मिळतात. तिच्याजवळ त्यांनी थिनरची बाटलीसुद्धा येऊ दिली नाही, कारण थिनरनं सेल्युलॉइड विरघळतं. नुसत्या ओलसर सुती फडक्यानं पुसली. धातूवरचा हिरवा थर रॉकेल आणि बांबूच्या काडीनं, भिंग लावून, कणाकणानं काढला.

म्यानाच्या तोंडाशी दोन बारीक स्क्रू असतात. तिथं बाजारातला स्क्रू-ड्रायव्हर चालवला की खाच बिघडते, आणि खाच बिघडलेला डॅगर जाणकार लगेच बाजूला ठेवतो. मामांनी एका जुन्या पान्याचं टोक त्या खाचेच्या मापाचं घासून घेतलं, लावून बघितलं, परत घासलं. स्क्रूवर एक ओरखडा नाही. हे बघताना मला आमच्या पॅटर्न शॉपमधले जुने मिस्त्री आठवले.

गरुडाच्या पंजातल्या नाझी चिन्हाबद्दल स्पष्ट लिहितो. हे सैन्य १९३९ ला पोलंडवर चालून गेलं, आणि त्या युद्धानं देशोधडीला लागलेली हजारो पोलिश माणसं १९४३ ते १९४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. माझ्या कपाटात हा डॅगर हरलेल्या सैन्याकडून आणलेली वस्तू म्हणून आहे, आणि शेजारच्या चिठ्ठीवर तो आणणाऱ्या मराठा शिपायाचं नाव आहे. जे लोक त्या चिन्हाच्या प्रेमापोटी असल्या वस्तू गोळा करतात त्यांच्याशी मी व्यवहार करत नाही. मामाही नकली माल जुना दिसेल असा करून देत नाहीत. माझ्यासमोर एकाला त्यांनी तसाच परत पाठवला.

एकूण १,४०० रुपये घेतले. मेहनतीच्या मानानं हे कमीच आहेत. तक्रारी दोन. फोन उचलत नाहीत, त्यामुळं काम झालं का हे बघायला जावं लागतं. आणि सुटे भाग साध्या वर्तमानपत्रात बांधून ठेवतात. आपण जाताना मऊ कापडाच्या पिशव्या न्याव्यात. नवरात्राच्या आसपास मात्र अजिबात जाऊ नका. खंडेनवमीच्या आधी गावातल्या सगळ्या तलवारी तिथं रांगेत असतात.

परत आणल्यावर पात्याला मशिनच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पावसाळ्यात पातं म्यानात ठेवू नका. आपल्याकडच्या जुलैत आतल्या आत गंज धरतो. शेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा, उघड्या बोटांनी पात्याला हात लावू नका.

मुठीला गुंडाळायचा चंदेरी गोंडा, ज्याला संग्राहक पोर्टेपे म्हणतात, तो मामा घेत नाहीत. "दोऱ्याचं काम मला येत न्हाई," म्हणून सरळ परत देतात. माझा गोंडा एका जागी उसवलाय, तारा काळ्या पडल्यात. जरीकाम जाणणारं आणि जुनी तार न बदलता टाका घालणारं कुणी कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत माहीत असेल तर जरूर कळवा.