टूसॉनचं डेझर्ट म्युझियम: आईबाबा आले की नक्की न्या

फेब्रुवारीत आईबाबा आले होते तेव्हा त्यांना फिनिक्सहून टूसॉनला ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमला नेलं. म्युझियम म्हटल्यावर बाबांनी आधीच नाक मुरडलं, काचेच्या कपाटातली मडकी बघायला दोन तास गाडीत कोण बसणार म्हणे. पण इथे डोक्यावर छप्परच नाही! 1952 पासूनचं आहे, 98 एकर, जवळपास सगळं उघड्यावर, वाटा धरून चालत राहायचं. आईच्या गुडघ्यांमुळे बसत उठत गेलो, तीन तास कसे गेले कळलं नाही.

माउंटन लायन पूर्णवेळ आमच्याकडे पाठ करून झोपलेला, असो. हमिंगबर्ड मात्र कानाशी येऊन भिरभिरतात. आणि हॅरिस हॉकचा शो अजिबात चुकवू नका (फक्त थंडीच्या सीझनमध्ये असतो). हे ससाणे टोळीने शिकार करतात, दोरी नाही काही नाही, डोक्यावरून इतके खालून जातात की पंखांचा वारा लागतो, आणि एक जण काटेरी शेंड्यावर बसला तर दुसरा सरळ त्याच्या पाठीवर येऊन उभा!

सग्वारो या उंच निवडुंगाला पहिला हात (म्हणजे फांदी) फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात हे ऐकून बाबा म्हणाले, म्हणजे हा माझ्या बरोबरीचा. चोया नावाचा निवडुंग लांबून लोकरीसारखा मऊ दिसतो, त्याला फसू नका. आईची शाल नुसती घासली तर अख्खा तुकडा तुटून चिकटला, मी हाताने काढायला गेले तर तिथल्या व्हॉलंटिअर आजी ओरडल्याच, कंगव्याने उडवायचा असतो तो. पर्समधला कंगवा कामी आला.

टोपी, पाणी, चांगले बूट मस्ट, आणि उन्हाळ्यात गेलात तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. तिकिटाचा रुपयांत हिशेब करू नका.

सगळ्यात जास्त वेळ बाबा रेंगाळले कुठे, तर फड्या निवडुंगापुढे. अगं हा तर आपल्या बांधावरचा! मी सांगितलं, बाबा, हा मूळ अमेरिका खंडातलाच, आपल्याकडे नंतर आला. त्यांना काही ते पटेना, लहानपणी बोंडं खाऊन जिभा लाल करत हिंडलोय म्हणाले, तो बाहेरचा कसा असेल. गिफ्ट शॉपमध्ये त्याच बोंडांची कँडी दिसली, किंमत बघून डबी गुपचूप जागेवर ठेवली. मी नंतर जाऊन घेतली, गाडीत अर्धी त्यांनीच संपवली.