पेटकोकनंतर तांदूळ: होल्ड धुणाऱ्या रायडिंग स्क्वॉडचा अनुभव

जहाजाचे होल्ड, म्हणजे माल भरायचे कप्पे, धुऊन देणाऱ्या एका कंपनीला माझे पाचपैकी साडेतीन. धुण्याच्या कामाला साडेचार आणि कागदपत्रांना जेमतेम दोन. आमच्या धंद्यात शेवटी पैसे कागदावर मिळतात, म्हणून एकूण गुण खाली आले. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांना पुढची ऑर्डर द्यायचा विचार आहे, आणि इथे नाव टाकून भाव पाडून घेतला असं म्हणायला जागा नको.

मी बेलापूरला एका जहाजमालकाच्या ऑपरेशन्स डेस्कवर बसतो. त्याआधी बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, मेट (डेकवरचा अधिकारी) म्हणून बरीच वर्षं होल्ड धुण्यातच गेली. त्यामुळे ‘आमची टीम एक्सपर्ट आहे सर’ वगैरे ऐकून मी भुलत नाही.

आधी ही सेवा कुणाला लागते ते सांगतो. आमच्या सुप्रामॅक्स आकाराच्या मालवाहू जहाजाने विशाखापट्टणमला पेटकोक उतरवला आणि टाइम चार्टररने, म्हणजे जहाज ठरावीक काळासाठी भाड्याने घेणाऱ्याने, पुढचा हुकूम दिला: काकिनाडा, पोत्यातला तांदूळ. पेटकोक म्हणजे रिफायनरीतला तेलकट काळा कोळसा, आणि तांदळाला होल्ड हवा ‘ग्रेन क्लीन’: आधीच्या मालाचा कण नाही, सुटा गंज नाही, रंगाचे पोपडे नाहीत, कीड नाही, वास नाही, आणि वर कोरडा ठणठणीत. दोन बंदरांत रात्रभराचंसुद्धा अंतर नाही. लांबचा बॅलास्ट पॅसेज (रिकाम्या जहाजाचा प्रवास) असता, म्हणजे ब्राझील किंवा ऑस्ट्रेलिया, तर आमच्याच खलाशांनी वाटेत निवांत धुतले असते. इथे ते जमणारं नव्हतं. म्हणून बाहेरची माणसं जहाजावर चढवायची, जहाज बाहेर न्यायचं, धुवायचं आणि काकिनाड्याला जायचं. याला रायडिंग स्क्वॉड म्हणतात.

बाहेर न्यायचं कारण मार्पोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार. पाचवं परिशिष्ट २०१३ पासून कडक झालं. धुतलेलं पाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही, जहाज चालतं असावं लागतं, आणि मालाचे अवशेष समुद्राला घातक या वर्गात मोडत असतील तर ते पाणी सोडायचंच नाही. माल कुठल्या वर्गातला ते शिपरने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, लिहून द्यायचं असतं. तो कागद माल भरतानाच घेऊन ठेवा. उतरवून झाल्यावर शिपर फोन उचलत नाही.

आता काम. टीम ठरल्या वेळी लाँचने आली, हे लिहायलाच हवं, कारण बरेच जण येत नाहीत. सोबत एअर कंप्रेसरवर चालणारी गन, लांब पोल, केमिकलचे ड्रम, स्वतःचे हार्नेस आणि गॅस मीटर. फोरमन दापोलीकडचे निवृत्त बोसन (खलाशांचे मुकादम), सगळे त्यांना सारंगच म्हणतात. होल्डमध्ये उतरण्याआधी ऑक्सिजन मोजला, परमिटवर सही केली, मगच माणूस शिडीवर. मला सांगावं लागलं नाही.

पेटकोक नुसत्या पाण्याने जात नाही. समुद्राचं पाणी मारलं की काळं खाली ओघळतं आणि होल्ड स्वच्छ झाल्यासारखा दिसतो. वाळला की पुन्हा राखाडी थर. त्याला अल्कली केमिकल लागतं, आणि ते खालून वर मारत जायचं असतं. वरून सुरुवात केली तर ओघळांचे पट्टे उमटतात आणि मग ते कशानेही निघत नाहीत. लावल्यावर थोडा वेळ मुरू द्यायचं, पण वाळू द्यायचं नाही. विशाखापट्टणमच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर हा ‘थोडा वेळ’ किती, हे कुठल्याही ड्रमवर छापलेलं नसतं. सारंग पत्र्याला हात लावून ठरवत होते. शेवटी गोड्या पाण्याचा हात, नाहीतर मीठ राहतं आणि रात्रीतून पत्र्यावर गंजाची तांबूस झाक चढते. एका होल्डला वीसेक टन गोडं पाणी सहज लागतं. जहाजावर एवढं पाणी बनत नाही, ते बंदरातच भरून घ्यावं लागतं, आणि त्याचं बिल कुणाचं हे आधी लिहून घ्यावं लागतं.

बिल्ज वेल (होल्डच्या तळाशी पाणी जमायचे खड्डे) त्यांनी हाताने साफ केल्या, गाळण्या काढून, खालचा गाळ बादलीने वर. माझ्या अनुभवात होल्ड तपासून पास-नापास ठरवणारे निम्म्याहून जास्त सर्व्हेयर पहिल्यांदा बिल्जचं झाकण उघडतात. हॅच कव्हरची (होल्डच्या झाकणाची) खालची बाजू आणि कोमिंगच्या (झाकणाखालच्या उभ्या चौकटीच्या) आतला कंगोरासुद्धा सोडला नाही. मी टँक टॉपवर (होल्डच्या तळावर) उभा राहून वर बघत ‘छान’ म्हणालो, तर सारंग म्हणाले, “साहेब, खालून सगळीच होल्ड छान दिसतात. शिडीने अर्ध्यावर या, मग बोलू.” अर्ध्यावरून फ्रेमच्या वरच्या काठावर बोटभर काळं दिसत होतं. ते त्यांनी पुन्हा धुतलं. या माणसाला माझे पाचपैकी पाच.

दीड गुण गेले कुठे, ते ऐका. टीममधल्या पोरांनी चार नंबर होल्डमध्ये हाय प्रेशर गन जुन्या, फुगलेल्या रंगावर धरली. फुगलेला रंग प्रेशरने सुटतो. पेटकोक गेला, पण भिंतीवर पोपड्यांच्या कडा उभ्या राहिल्या. तिथे स्क्रेपर घेऊन सुटं तेवढं काढायला हवं होतं. वेळ संपत आला होता, ते राहिलं.

काकिनाड्याला होप आयलंडच्या आडोशाला नांगर टाकला. तिथे तांदूळ बार्जने जहाजापर्यंत येतो आणि जहाजाच्याच क्रेनने आत जातो. त्यामुळे होल्ड नापास झाला की बार्ज, हमाल, सगळं उभं राहतं. सर्व्हेयर पांढरं फडकं घेऊन शिडीने उतरला. तीन होल्ड पास. दोन नंबरमध्ये एका कोपऱ्यात फडकं काळं झालं. चार नंबरमध्ये त्याने रिपोर्टवर लिहिलं: सुटा गंज आणि रंगाचे पोपडे.

आधीच्या मालाचे अवशेष असतील तर मामला चार्टररचा, कारण पेटकोक त्याने भरायला लावला. गंज आणि पोपडे असतील तर मामला मालकाचा, कारण रंगरंगोटी ही जहाजाची देखभाल. त्या दिवशी संध्याकाळीच चार्टररची ईमेल आली: नापास झाल्या क्षणापासून जहाज ऑफहायर, सगळे होल्ड पास होईपर्यंत भाडं नाही, वर बार्जचा खोळंबा आणि स्क्वॉडचं बिल मालकाच्या नावे. दोन नंबरमधल्या काळ्या फडक्याचा त्यात उल्लेखच नव्हता. सगळं चार नंबरच्या पोपड्यांवर.

ते एवढे का चिडले होते तेही सांगतो, त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्यांनी आमचं जहाज पुढे तांदळाच्या व्यापाऱ्याला व्हॉयेज चार्टरवर, म्हणजे एका खेपेच्या करारावर, दिलं होतं. तिथे नोटीस ऑफ रेडिनेस (जहाज तयार असल्याची नोटीस) दिली की लेटाइमचं, म्हणजे माल चढवायला दिलेल्या मुदतीचं, घड्याळ चालू होतं. पण जहाज खरंच तयार नसेल तर नोटीस बाद. हे ठरलं ‘ट्रेस फ्लोरेस’ खटल्यात. जहाज बल्गेरियातल्या वार्नाला मका भरायला आलं, बाहेर थांबून नोटीस दिली, पुढे तपासणीत होल्डमध्ये कीड सापडली. धुरी द्यायला काही तासच लागले. तरी १९७३ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने, लॉर्ड डेनिंग त्यात होते, सांगितलं की नोटीस दिली तेव्हा होल्ड तयार नव्हते, म्हणून ती नोटीस धरायची नाही. बाहेर थांबलेले दिवस मालकाच्या डोक्यावर. करारात वेगळं लिहिलं असेल तर निकाल फिरतो. ‘लिनार्डोस’ हे जहाज रिचर्ड्स बेला कोळसा भरायला गेलं, होल्डमध्ये पाणी आणि गंज निघाला. पण त्या करारात लिहिलं होतं की सर्व्हेमध्ये नापास झाल्याने गेलेला वेळ तेवढा मोजायचा नाही. म्हणून नोटीस टिकली आणि तेवढाच वेळ वजा झाला. आमच्या चार्टररच्या खालच्या करारात असं वाक्य बहुधा नव्हतं. तिकडे त्यांचं घड्याळ थांबलं, म्हणून ते नुकसान वर आमच्याकडे ढकलत होते.

आमच्याकडे होतं एनवायपीई ९३ या टाइम चार्टरच्या छापील कराराचं छत्तिसावं कलम. दोन खेपांच्या मधली सफाई चार्टररच्या खर्चाने, खलाशांनी करायची, दर होल्डमागे ठरलेली रक्कम, आणि होल्ड पास झाले नाहीत तर मालक जबाबदार नाही. वाचायला एकदम झकास. पण ते कलम खलाशांच्या कामाबद्दल बोलतं. बाहेरची टीम आली की पहिला प्रश्न: तिला बोलावलं कुणी? आमच्या केसमध्ये चार्टररने ईमेलवर लिहिलं होतं, ‘स्क्वॉडची व्यवस्था मालकाने करावी, खर्च चार्टररचा.’ ही एक ओळ पुढे सोन्याची ठरली. वर्क ऑर्डर आमच्या नावावर असूनही हुकूम कुणाचा होता ते त्यातून दिसत होतं. त्याला जोड ‘बर्गे सुंड’ खटल्याची. १९९३ चा अपील कोर्टाचा निकाल, गॅस वाहणारं जहाज. चार्टररला त्या वेळी जहाजाकडून टाक्यांची सफाईच हवी होती आणि जहाज तीच करत होतं, मग ते ऑफहायर कसं, असा त्याचा रोख.

त्याचबरोबर आमच्या फिक्श्चरला (ठरलेल्या चार्टर कराराला) एक रायडर क्लॉज (जादा कलम) चिकटवलेला होता: होल्ड नापास झाले तर पास होईपर्यंत ऑफहायर. तो फक्त जहाज ताब्यात देतानाच्या पहिल्या सर्व्हेला लागू की मधल्या प्रत्येक खेपेला, हे त्यात नीट लिहिलंच नव्हतं. ब्रोकर मंडळी हे क्लॉज मागच्या फिक्श्चरमधून उचलून तसेच डकवतात. भांडण जुंपलं की वकिलांची चंगळ.

आता स्क्वॉडच्या कागदांकडे येतो, कारण दोन गुण दिलेत ते त्यांनाच. एवढ्या रकमेसाठी लंडनला पूर्ण आर्बिट्रेशन कुणी करत नाही. एलएमएएची, म्हणजे लंडनच्या सागरी लवादांच्या संघटनेची, लहान दाव्यांची पद्धत आहे, तिथे सहसा साक्षीदार बोलावत नाहीत, समोर ठेवलेल्या कागदांवर निकाल. म्हणजे तुमचा सारंग कितीही मेहनती असो, त्याची मेहनत फोटोत दिसली तरच ती झाली. कंपनीने कामाआधीचे, कामाच्या दरम्यानचे आणि नंतरचे असे शेकडो फोटो दिले. दोन नंबरचे उत्तम: प्रत्येक फ्रेमवर खडूने नंबर, तोच कोपरा आधी आणि नंतर. सर्व्हेयरने धरलेला काळा कोपरा त्यात सहज सापडला, आणि ते पेटकोकच आहे, गंज नाही, हे कुणीही कबूल करावं इतकं स्पष्ट.

चार नंबरचे मात्र सगळे फोटो टँक टॉपवरून काढलेले. होल्ड सतरा-अठरा मीटर खोल, वरचा अर्धा भाग म्हणजे नुसता अंधार. रंग आधीपासून सुटलेला होता की गनमुळे सुटला, काही कळत नाही. वर काही फोटोंवर भारतीय वेळ, काहींवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे कागदावर होल्ड धुण्याआधीच स्वच्छ झालेला. चार्टररच्या माणसाने नेमकं तेच बोट ठेवलं.

आणखी एक सवय खटकली. काम संपताच ऑफिसचा माणूस ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं सर्टिफिकेट घेऊन कॅप्टनकडे गेला, सर्व्हे व्हायच्या आधी. कॅप्टन हुशार, त्यांनी हाताने लिहिलं: ‘काम झालं, सर्व्हेच्या निकालाच्या अधीन.’ तरुण कॅप्टन असता तर नुसती सही करून मोकळा झाला असता, आणि चार्टररने तोच कागद पुढे केला असता की जहाजालाच काम पसंत होतं.

पुढे सारंग आणि आमच्या खलाशांनी मिळून दोन्ही होल्ड उरकले, दुसऱ्या सर्व्हेत पास झाले, लोडिंग सुरू झालं. पैशाचं म्हणाल तर वाटाघाटीत दोन नंबरच्या सगळ्या वेळेचा आणि स्क्वॉडच्या बिलाचा दावा चार्टररने सोडला, चार नंबरवर आम्ही अर्ध्यावर आलो. वरचे फोटो असते तर तेही मिळालं असतं असं माझं मत आहे, आणि मी ते कंपनीला लेखी कळवलंय. उत्तर नम्र आलं, पण त्यात नुसतं ‘नोंद घेतली’.

किंमत: लम्पसम घेतात, आमच्या जहाजाच्या साधारण एका दिवसाच्या भाड्याएवढी. जेवण-राहणं जहाजावर, लाँच वेगळी, केमिकल वेगळं. ऑफहायरचा एक दिवस वाचला तरी वसूल होते, म्हणून महाग म्हणणार नाही.

बोलावणार असाल तर सारंग हेच येणार का ते विचारून घ्या, दुसऱ्या टीमचं ऐकलेलं फारसं चांगलं नाही. जुन्या रंगाच्या होल्डवर गन चालवायची नाही, तिथे स्क्रेपर, हे वर्क ऑर्डरमध्येच टाका. फोटो शिडीच्या प्रत्येक टप्प्यावरून, सगळे एकाच वेळेत, हेही टाका. आणि सर्व्हेआधीची तपासणी यांच्याकडून करून घेऊ नका, ती ते पॅकेजमध्ये फुकट देतात. स्वतःच धुतलेल्या होल्डला कोण नापास करणार? पी अँड आय क्लबकडून (जहाजमालकांच्या विमा संस्थेकडून) स्थानिक सर्व्हेयर घ्या. आणि सगळे फोटो हार्ड ड्राइव्हवर देण्याचे हे लोक शेवटी वेगळे पैसे लावतात, तेवढी घासाघीस पहिल्याच फोनवर करा.