एमएस्सीनंतर कॅन्सर इम्युनोथेरपी: पीएचडी करावी की सेल थेरपीत नोकरी?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून, बदलून कॅन्सरवर सोडणं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं हे काम. त्यानंतर यवतमाळ-गडचिरोलीकडून लाइफ सायन्स शिकलेल्या मुलामुलींपुढे पीएचडीखेरीज दुसरी वाटही आली आहे: पेशी तयार करणाऱ्या विभागातली नोकरी.

या नोकरीत रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, लेंटिव्हायरसने (जीन वाहून नेणाऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूने) त्यांत नवा जीन घालायचा, ३७ अंशांवर आठवडा-दहा दिवस वाढवायच्या, तपासायच्या आणि गोठवायच्या. प्रत्येक पायरीवर नोंद आणि सही. मनाने काहीही बदलता येत नाही. खूप केमो झालेल्या रुग्णाच्या पेशी कधीकधी वाढतच नाहीत. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू शिरला तर फ्लास्क गढूळही होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन चालत नाही. पीसीआरसारखी (जिवाणूचा डीएनए शोधणारी) खास तपासणी केल्यावरच कळतं. शिस्त अंगात असेल तर हे काम जमतं, पगारही लगेच सुरू होतो.

पीएचडीत ‘असं का?’ हा प्रश्न तुमचा असतो. खर्ऱ्याने होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तो रक्ताचा नव्हे, गाठीचा कॅन्सर, आणि त्यावर कार-टी अजून उपलब्ध नाही. का नाही, हे शोधायला माणसं हवीत, आणि ती विदर्भातूनही जायला हवीत. डोक्यात हाच प्रश्न घोळत असेल तर पीएचडीच करा. कंपनीत स्वतःचे प्रयोग आखायचे तरी बहुतेक ठिकाणी पीएचडी मागतात.

पैशाचं बोलू. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडे भत्ता. पण पाच-सहा वर्षं जातात आणि फेलोशिप बरेचदा उशिरा जमा होते; तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा. कपाशीवर घर चालत असेल आणि डोक्यावर कर्ज असेल, तर आधी नोकरी धरण्यात काही कमीपणा नाही. फक्त नेटचा अभ्यास सोडू नका. लाइफ सायन्सच्या चौथ्या युनिटात कॅन्सर आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही येतात, तिथून सुरुवात करा.

दोन्हीकडे मुलाखतीत एकच गोष्ट अडते: तालुक्याच्या कॉलेजात फ्लो सायटोमीटर (पेशी मोजून त्यांचे प्रकार ओळखणारं यंत्र) नसतो, त्यामुळे हातचा अनुभव नसतो. म्हणून शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट पुण्याच्या एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा खारघरच्या ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) यांसारख्या संस्थेत मिळवायचा प्रयत्न करा, आणि त्यासाठी सहा महिने आधीच मेल पाठवायला लागा.